दुरुस्तीपूर्वीचे आकडे

अमळनेर ते धरणगाव या पट्ट्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी व्यवस्थापक म्हणून काम पाहतो. आमच्याकडे येणारा कापूस तीन उपकरणांखालून जातो: फाटकाजवळचा, गाडीसकट वजन करणारा साठ टनी भुईकाटा, खरेदीच्या ओट्यावरचा ओलावा मोजणारा मीटर आणि प्रेसजवळचा गाठींचा काटा. शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे पहिल्या दोन उपकरणांवर ठरतात आणि आमची विक्री तिसऱ्यावर. या तिन्हींचे कॅलिब्रेशन, म्हणजे खात्रीच्या मापांशी ताडून चूक किती ते पाहण्याचे काम, आम्ही हंगामाच्या तोंडावर करून घेतले. त्या कामात जे पाहायला मिळाले ते सविस्तर नोंदवून ठेवावे, असे वाटल्याने हे लिहितो आहे.

खान्देशात गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर पूर्वहंगामी कापसाची थोडीफार खरेदी होते आणि दसरा-दिवाळीनंतर हंगाम खऱ्या अर्थाने भरात येतो. मधल्या पावसाळी महिन्यांत यंत्रे उघडली जातात, पट्टे बदलले जातात, रोलर घासले जातात. परंतु काट्याकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण तो बंद पडलेला नसतो. इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या पडद्यावर, आकडा उमटतो आहे म्हणजे काटा चालू आहे, असे गृहीत धरले जाते. या वेळी मात्र काट्याकडे पाहण्याचे कारण मला मागील हंगामाच्या हिशेबातच मिळाले होते.

जिनिंगमध्ये शंभर किलो कापसामागे साधारण ३४ ते ३५ किलो रुई आणि ६२ ते ६३ किलो सरकी निघते. उरलेले वजन कचरा, कवडी आणि उडून गेलेला ओलावा यांत जाते. त्याला आम्ही घट म्हणतो. मागील हंगामात ही घट नेहमीपेक्षा कमी आली. शेठ खूश होते आणि ते स्वाभाविकही होते. मला मात्र ते पटत नव्हते, कारण त्या वर्षी परतीचा पाऊस लांबल्याने कापूस ओला आला होता आणि ओल्या कापसाची घट वाढायला हवी होती. घट कमी दिसते याचा अर्थ आत येणारा कापूस कमी मोजला गेला किंवा बाहेर जाणारा माल जास्त मोजला गेला. तिसरा अर्थ मला सुचत नव्हता. त्याच हंगामात चोपड्याकडच्या एका वयस्कर शेतकऱ्याने वाटेतल्या सार्वजनिक काट्याची पावती माझ्या टेबलावर ठेवून, आवाज न चढवता, ‘तुमना काटा बरोबर शे का, भाऊ?’ असे विचारले होते. दोन पावत्यांत वीस किलोंचा फरक होता. दोन काट्यांचे म्हणणे जुळत नसेल तर त्यांतला खरा कोणता, हे केवळ त्या दोन पावत्यांवरून सांगता येत नाही, म्हणून त्याला तेव्हा समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते.

शेठांचा पहिला आक्षेप रास्त होता. काट्याचे मुद्रांकन, म्हणजे तपासून मारलेला सरकारी शिक्का, डिसेंबरपर्यंत वैध होते. वैध मापन अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे आणि त्याखालील नियमांनुसार अशा काट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी करावी लागते. वजनांसाठी आणि लांबीच्या मापांसाठी ही मुदत चोवीस महिन्यांची आहे. मग मुदत शिल्लक असताना खर्च कशासाठी? माझे म्हणणे असे होते की, निरीक्षकाचे मुद्रांकन हे त्या दिवशी काट्याची चूक कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत होती एवढेच सांगते. ती चूक किती होती, कोणत्या बाजूला होती आणि मधल्या दहा महिन्यांत तिचे काय झाले, हे त्यातून कळत नाही आणि ते सांगणे हे मुद्रांकनाचे कामही नव्हे.

ही मर्यादा केवढी असते, हे आमच्या खरेदी विभागातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. आमच्या काट्याचा सर्वांत लहान भाग १० किलोंचा आहे, म्हणजे आकडा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानेच बदलतो. तिसऱ्या, म्हणजे मध्यम अचूकतेच्या, वर्गाच्या अशा काट्याला पडताळणीच्या वेळी ५ टनांपर्यंत ५ किलो, ५ ते २० टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो एवढी चूक अधिक किंवा उणे चालते. प्रत्यक्ष वापरात असलेल्या काट्याला याच्या दुप्पट सूट असते. म्हणजे सहा टनांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला वापरातला काटा २० किलो कमी दाखवत असला, तरी तो नियमाच्या आतच राहतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने वीस किलो म्हणजे दीड हजार रुपये. कायद्याच्या दृष्टीने क्षम्य असलेली चूक शेतकऱ्याच्या दृष्टीनेही क्षम्य असेलच असे नाही, एवढे गणित मांडल्यावर शेठांनी होकार दिला.

प्रयोगशाळा निवडताना आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता. आणि दुसरी, जिच्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते ती म्हणजे त्या मान्यतेची व्याप्ती. एखाद्या प्रयोगशाळेला व्हर्नियर आणि प्रेशर गेज तपासण्याची मान्यता असते, परंतु साठ टनांच्या काट्याची नसते. मान्यतापत्राला जोडलेल्या तक्त्यात उपकरण, त्याचा पल्ला आणि मोजमापाची अनिश्चितता (मोजलेला आकडा किती मागेपुढे असू शकतो ते) हे तिन्ही लिहिलेले असते आणि तो तक्ता मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. आम्ही विचारणा केलेल्यांपैकी एकाने तो तक्ता पाठवलाच नाही आणि काम मात्र सर्वांत स्वस्तात करून देण्याची तयारी दाखवली. त्याच्याशी पुढे बोलणे झाले नाही.

काटा जागेवरच का तपासावा लागतो, त्याला केवळ तो हलवता येत नाही एवढेच कारण नाही. काट्याखालचा भार टिपणारा लोडसेल वस्तुमान मोजत नाही, तो खाली दाबणारे बल मोजतो आणि ते बल गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असते. दिल्लीच्या मानाने जळगाव विषुववृत्ताला जवळ असल्याने इथले गुरुत्वाकर्षण सुमारे ०.०५ टक्क्यांनी कमी भरते. दिल्लीत बिनचूक लावलेला इलेक्ट्रॉनिक काटा जसाच्या तसा जळगावात आणून ठेवला तर वीस टनांच्या गाडीला तो सुमारे दहा किलो, म्हणजे पूर्ण एक भाग, कमी दाखवेल. लोखंडी वजनांना ही अडचण नाही, कारण त्यांचे वस्तुमान कुठेही तेच राहते. म्हणून काट्याला त्याच्या जागी वजनांशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो. ती वजने तरी खरी कशावरून, हा प्रश्न लगेच येतो. प्रयोगशाळेने आणलेली २० किलोंची वजने एम-१ वर्गाची होती; त्या वर्गात २० किलोंमागे फक्त १ ग्रॅम चूक चालते. त्यांची तुलना अधिक अचूक वजनांशी झालेली होती आणि त्या साखळीचे वरचे टोक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे, जिथे भारताचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर न राहता प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. तरीही रोजच्या व्यवहारात वजनाची वजनाशी तुलना करत खाली येणारी ही साखळीच उपयोगी पडते.

प्रत्यक्ष काम सप्टेंबरअखेरीस झाले. प्रयोगशाळेच्या अभियंत्यासोबत काटा दुरुस्त करणारा परवानाधारक तंत्रज्ञही आला होता आणि वादाला सुरुवात तिथेच झाली. तंत्रज्ञाची पद्धत सरळ होती: वजने ठेवायची, फरक दिसला की इंडिकेटरमध्ये शिरून तो घालवायचा, पुन्हा वजने ठेवायची आणि बरोबर आलेला आकडा कागदावर लिहायचा. अशा कामानंतर काटा बरोबर होतो, हे खरे आहे. परंतु तो आधी किती चुकत होता याचा पुरावा कायमचा पुसला जातो. मला नेमका तोच पुरावा हवा होता. काहीही न हलवता, जसा आहे तशा काट्याचे सर्व आकडे आधी नोंदवावेत आणि नंतरच पान्याला हात लावावा, असा आग्रह मी धरला. प्रयोगशाळेच्या अभियंत्याने तो उचलून धरला, कारण त्याच्या दृष्टीने कॅलिब्रेशन म्हणजे तुलना आणि तिची नोंद. दुरुस्ती हे वेगळे काम.

दहा किलोंच्या भागाखालची चूक कशी शोधतात, हे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. पत्र्यावर, म्हणजे गाडी जिथे उभी राहते त्या काट्याच्या पोलादी तळावर, २० किलोंची पन्नास वजने, म्हणजे एक टन ठेवला की इंडिकेटर १००० दाखवतो. परंतु आतला खरा आकडा ९९६ असो वा १००४, बाहेर १०००च दिसणार. म्हणून एकेक किलोचे वजन अलगद वाढवत जायचे आणि आकडा १०१० वर कधी उडी मारतो ते पाहायचे. काटा बिनचूक असेल तर ही उडी पाच किलोंवर पडते. तीन किलोंवरच पडली तर काटा दोन किलो जास्त दाखवतो आहे. आठ किलोंवर पडली तर तीन किलो कमी. शेड, पत्रा आणि माणसे स्तब्ध ठेवून, वारा थांबण्याची वाट पाहत हे काम फार सावकाश चालते, आणि हमालांपैकी एकाने कंटाळून यापेक्षा कापूस भरणे सोपे असे म्हटले ते अगदीच चुकीचे नव्हते.

सकाळी काट्याच्या मध्यभागी चूक जवळजवळ नव्हती. चारही कोपऱ्यांवर आणि दोन्ही टोकांवर एक टन फिरवून पाहिला तेव्हाही फरक दोन-तीन किलोंच्या आतच राहिला. त्यानंतर वजन ठाऊक असलेली भरलेली ट्रॉली वेगवेगळ्या जागी उभी करून पाहिली. तेही आकडे समाधानकारक आले. तंत्रज्ञाच्या मते काम संपले होते. मी एवढेच विचारले की आमचे निम्म्याहून अधिक वजन दुपारी होते, तर मग हेच दुपारी एकदा करून पाहायला काय हरकत आहे?

दुपारी पत्र्याला हात लावता येत नव्हता. फाटकाकडच्या टोकावर तीच ट्रॉली उभी केली तेव्हा काट्याने वीस किलो कमी दाखवले आणि ट्रॉली मध्यभागी घेताच आकडा पुन्हा जागेवर आला. आमच्याकडचे ट्रॅक्टर नेमके फाटकाकडच्या टोकावरच थांबतात, कारण चालकाला खिडकीतून पावती घेणे तिथून सोपे जाते. रिकामी ट्रॉली त्याच जागी कमी चुकत असल्याने भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या वजाबाकीत सगळी चूक एकमेकींत विरून जात नव्हती. दहा ते वीस किलो शेतकऱ्याच्या विरुद्ध राहत होते. सरकीचे लांब ट्रक मात्र पूर्ण पत्रा व्यापतात आणि त्यांचा भार सगळ्या लोडसेलवर वाटला जात असल्याने त्यांच्या वजनात ही चूक नगण्य होती. घट कमी का दिसली, याचा उलगडा तिथे झाला.

कारण शोधायला खाली उतरावे लागले. काट्याचा पत्रा सोळा मीटर लांब आहे. पोलाद दर अंशामागे मीटरला सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढते. सकाळी सव्वीस अंशांवर असलेला पत्रा उन्हात पन्नासवर गेला की त्याची लांबी चार मिलिमीटरहून अधिक वाढते. ही वाढ सामावून घेण्यासाठी पत्रा आणि काँक्रीटची भिंत यांच्यामध्ये फट ठेवलेली असते. आमच्या काट्याची एका बाजूची फट पावसात वाहून आलेला गाळ आणि कापसाचे फोलपट यांनी घट्ट भरली होती; शिवाय उताराचा काँक्रीट स्लॅब काट्याकडे थोडा सरकला होता. खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला मानवणारी ही जमीन पायाला मात्र स्वस्थ बसू देत नाही. त्यामुळे दुपारी पत्रा भिंतीला टेकत होता आणि भाराचा काही हिस्सा लोडसेलवर न जाता भिंतीवर जात होता.

तंत्रज्ञाने दुपारचा फरक इंडिकेटरमधून घालवला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काटा तेवढाच जास्त दाखवू लागला असता आणि आम्ही एका चुकीच्या जागी दुसरी बसवली असती. प्रत्यक्षात गाळ काढला, काँक्रीटची कड छाटली, पत्र्याची हालचाल रोखणाऱ्या थांबबोल्टचे अंतर पुन्हा लावले आणि दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळले. उंदरांनी कुरतडलेली एक केबल बदलण्यासाठी लोडसेलच्या तारा जिथे जुळतात तो जंक्शन बॉक्स उघडावा लागला आणि सील तुटले. सील तुटलेला काटा व्यापारासाठी वापरता येत नाही, त्यामुळे परवानाधारकामार्फत अर्ज करून निरीक्षकांकडून फेरपडताळणी आणि नवे मुद्रांकन करून घेतले.

गाठींच्या काट्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. गाठ साधारण १७० किलोंची असते, काटा लहान असतो, वजने त्यावर सहज मावतात. चूक नगण्य निघाली.

ओलाव्याच्या मीटरने मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतला, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा होता. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात होते आणि १२ च्या वर माल घेतला जात नाही. खासगी खरेदीतही याच धर्तीवर घासाघीस चालते. वीस क्विंटलची ट्रॉली २०२४-२५ च्या हमीभावाने सुमारे दीड लाखाची होते. मीटर एक टक्का चुकला तर दीड हजारांचा फरक पडतो, म्हणजे काट्याने पूर्ण वीस किलो खाल्ले तर जेवढा पडेल तेवढाच. असे असूनही शेतकरी काट्याकडे डोळे लावून उभा राहतो आणि मुठीत मावणाऱ्या मीटरचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

आमचा मीटर दोन सुयांमधला विद्युतरोध मोजतो. त्याच्यासोबत तपासणीसाठी एक ठोकळा येतो. तो लावला की ठरलेला आकडा दिसला पाहिजे. कापसाची प्रत ठरवणाऱ्या आमच्या ग्रेडरचा या ठोकळ्यावर पूर्ण विश्वास होता. परंतु ठोकळ्यात असतो तो एक रेझिस्टर. त्यावरून मीटरचे इलेक्ट्रॉनिक्स ठीक आहे एवढेच कळते, विशिष्ट रोध म्हणजे कापसात अमुक टक्के ओलावा हे नाते बरोबर आहे की नाही ते कळत नाही. हे नाते कापसाचे तापमान, तो किती दाबला आहे आणि त्यात किती कचरा आहे यांनुसार बदलते. त्यासाठी एकाच ढिगातले नमुने हवाबंद डब्यांत भरले, मीटरने मोजले, मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवले आणि दोन्ही आकडे शेजारी मांडले. इथे एक खाच आहे: ओलाव्याची टक्केवारी कोरड्या वजनावर काढली की वेगळी येते आणि ओल्या वजनावर काढली की वेगळी. कोरड्यावर ८.५ टक्के म्हणजे ओल्यावर ७.८३ टक्के. प्रयोगशाळेचा पहिला तक्ता कोरड्या वजनावरचा होता आणि मीटर ओल्या वजनावरचा आकडा देतो. हे लक्षात येईपर्यंत मीटर उगीच कमी दाखवत असल्याचा भास होत होता. हिशेब सारखा केल्यावर चित्र उलट निघाले. सात-आठ टक्क्यांच्या आसपास मीटर बरोबर होता, परंतु अकरा-बाराच्या टोकाला तो जवळजवळ एक टक्का जास्त दाखवत होता. याचाही फायदा कारखान्यालाच होत होता.

तिन्ही प्रमाणपत्रे हातात आली तेव्हा मुनीमजींनी ‘पास’ हा शिक्का शोधला, तो नव्हता. त्यात प्रत्येक भाराला आढळलेली चूक आणि त्या चुकीच्या आकड्यातली अनिश्चितता एवढेच असते. चालेल की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. पुढील कॅलिब्रेशन केव्हा करावे तेही प्रयोगशाळा स्वतःहून लिहीत नाही. ग्राहकाशी तसे ठरले असेल तरच लिहिते. कॅलिब्रेशनचा दाखला फायलीत लावून मोकळे होणाऱ्या कारखान्यांनी त्यातला चूक किती ते सांगणारा स्तंभ कधी वाचला असेल का, अशी शंका मला येते.

मागील हंगामाचे काय करायचे, हा प्रश्न बराच काळ चर्चेत राहिला. दुरुस्तीपूर्वीचे आकडे हातात होते, परंतु ते त्या एका दिवसाचे होते. फट नेमकी केव्हा बुजली, हे त्यांवरून ठरत नव्हते आणि सकाळच्या गाड्यांना तर फरकच पडलेला नव्हता. ज्यांनी बाहेरच्या काट्याच्या पावत्या दाखवून तक्रार नोंदवली होती त्यांच्या पावत्यांवरची वेळ दुपारची निघाली, आणि त्यांना शेठांनी फरक दिला. चोपड्याच्या त्या शेतकऱ्याचे नाव त्यांत होते. इतरांचा हिशेब मांडता येईल असे काही आमच्याजवळ नव्हते.

आता खिडकी काट्याच्या मध्यभागासमोर हलवली आहे. खरेदी सुरू होण्याआधी आणि दुपारी तीन वाजता फाटकाकडच्या टोकावर एक टन वजने ठेवून आकडा वहीत लिहिला जातो आणि फटीतला गाळ दर आठवड्याला काढला जातो. मीटरजवळ दुरुस्तीचा तक्ता चिकटवलेला असून ग्रेडर त्यातला आकडा शेतकऱ्यासमोर वाचतो. काट्याचे कॅलिब्रेशन वर्षातून एकदा पुरेल असे ठरले. मीटरसाठी मात्र मी जानेवारीत आणखी एक तपासणी मागून घेतली आहे, कारण तेव्हा पहाटेच्या दवाने कापूस ओला येतो आणि मीटर चुकतो तो नेमका त्याच टोकाला.